हैदराबादचे क्लोरोफॉर्म आयोग (१८८८-८९) आणि भुलीच्या औषधांचा मेंदूवरील परिणाम : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

हुंगवून द्यावयाच्या भुलीच्या औषधांचा मेंदूवर नेमका कोणता परिणाम होतो, या प्रश्नाचा एकोणिसाव्या शतकातील सर्वांत मोठा प्रायोगिक शोध निजामाच्या हैदराबादेत घेतला गेला. क्लोरोफॉर्मने होणाऱ्या मृत्यूचे कारण मेंदूतील श्वसनकेंद्राचा लकवा हे आहे की हृदयाचे बंद पडणे, हा त्या शोधाचा विषय होता. आयोगाने दिलेला निर्णय पुढे चुकीचा ठरला. परंतु त्याने घालून दिलेली शुश्रूषेची शिस्त टिकून राहिली. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा मागोवा घेतला असून, कपालांतर्गत दाब व मस्तिष्क-मेरुद्रव यांविषयीच्या विसाव्या शतकातील संशोधनाच्या प्रकाशात आयोगाच्या कार्याचे मूल्यमापन केले आहे.

बीजशब्द : क्लोरोफॉर्म, भूलशास्त्र, हैदराबाद संस्थान, अहमदनगर जिल्हा, कपालांतर्गत दाब, मस्तिष्क-मेरुद्रव.

प्रस्तावना

ब्रिटिश अमदानीतील अहमदनगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) हा मुंबई इलाख्याचा सरहद्दीवरील जिल्हा होता. ईशान्येस गोदावरी ही त्याची सीमा होती आणि नदीच्या पैलतीरी निजामाचा मुलूख सुरू होत असे. औरंगाबाद आणि बीड हे आज महाराष्ट्रात असलेले शेजारचे जिल्हे त्या काळी हैदराबाद संस्थानात मोडत. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. नदीच्या दोन्ही काठांवरील लोकांची भाषा, सोयरीक आणि बाजारपेठ एक असली तरी त्यांचे दवाखाने दोन निरनिराळ्या सत्तांखाली चालत. नगरकडील दवाखान्याचा धागा मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजकडे, तर बीडकडील दवाखान्याचा धागा हैदराबादच्या मेडिकल स्कूलकडे जात असे.

ही प्रशासकीय विभागणी इतिहासलेखनातही उतरलेली दिसते. महाराष्ट्रातील आधुनिक वैद्यकाचा इतिहास लिहिताना मुंबई व पुणे यांचा विचार होतो; हैदराबादचा होत नाही. वास्तविक आजच्या मराठवाड्याच्या दृष्टीने हैदराबाद हीच त्या काळची वैद्यकीय राजधानी होती. तेथे १८८८ आणि १८८९ मध्ये झालेल्या क्लोरोफॉर्मविषयक प्रयोगांची दखल लंडनपासून केंब्रिजपर्यंत घेतली गेली. या प्रयोगांचा इतिहास म्हणजे केवळ एका औषधाचा इतिहास नव्हे. शास्त्रीय अनुमान कोठे चुकते आणि चुकीच्या अनुमानातूनही उपयुक्त व्यवहार कसा निघू शकतो, हे समजून घेण्याच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे.

दख्खनमधील दवाखाने आणि क्लोरोफॉर्म

ऑक्टोबर १८४६ मध्ये बोस्टन येथे ईथरचा वापर करून जाहीर शस्त्रक्रिया झाली. नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिंबरो येथे जेम्स यंग सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्मचा उपयोग जगापुढे मांडला. ही दोन्ही औषधे अल्पावधीतच हिंदुस्थानात पोहोचली. कलकत्त्यात १८४७ मध्ये ईथर आणि १८४८ मध्ये क्लोरोफॉर्म वापरले गेले. मराठीत या क्रियेसाठी 'भूल देणे' हा शब्दप्रयोग रूढ झाला. 'भूल' या शब्दात विसर, मोह आणि चूक असे तिन्ही अर्थ आहेत. पुढील इतिहास पाहता हा शब्द अन्वर्थक ठरला असे म्हणावे लागते.

दख्खनमध्ये क्लोरोफॉर्मला पसंती मिळण्यास व्यावहारिक कारणे होती. ईथर सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळते. नगर, बीड, औरंगाबाद या भागांत उन्हाळ्यातील दुपारचे तापमान सहज त्याच्या वर जाते; बाटलीचे बूच उघडताच औषध उडू लागावे, अशी स्थिती असे. शिवाय ईथर ज्वालाग्राही असल्याने कंदिलाच्या उजेडात ते वापरणे धोक्याचे होते. क्लोरोफॉर्मचा उत्कलनबिंदू सुमारे ६१ अंश आहे, ते पेट घेत नाही, त्याचे थोडे थेंब पुरतात आणि रोगी लवकर गुंगीत जातो. एक बाटली, एक रुमाल आणि एक मदतनीस एवढ्या सामग्रीवर शस्त्रक्रिया करता येत असे.

हा मदतनीस कोण, हाच खरा प्रश्न होता. जिल्ह्याच्या ठिकाणी सिव्हिल सर्जन असे. तालुक्याच्या दवाखान्याचा भार मात्र हॉस्पिटल असिस्टंट या हुद्द्याच्या कर्मचाऱ्यावर असे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६१ मध्ये मराठी माध्यमाचा वर्ग सुरू झाला, तो अशाच मनुष्यबळासाठी. शस्त्रक्रिया करणारा हात एकच असल्यावर रुमाल धरण्याचे काम कंपाउंडरकडे किंवा ड्रेसरकडे जाई. भूल देणे हे स्वतंत्र शास्त्र आहे, ही जाणीव तेव्हा इंग्लंडमध्येही पुरती रुजलेली नव्हती. अशा मदतनिसाने कशावर लक्ष ठेवावे, रोग्याच्या नाडीवर की त्याच्या श्वासावर, याचे सोपे व निश्चित उत्तर हवे होते. चुकीच्या उत्तराची किंमत टेबलावरील रोग्याला मोजावी लागणार होती.

वादाची पार्श्वभूमी : एडिंबरो आणि लंडन

क्लोरोफॉर्मचा वापर सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते, तोच २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी दगावली. पायाच्या बोटाचे नख काढण्यासारख्या किरकोळ शस्त्रक्रियेसाठी तिला क्लोरोफॉर्म देण्यात आले होते. मृत्यूच्या कारणाविषयी लगेच दोन मते झाली. लंडनचे जॉन स्नो यांच्या मते हृदयाला लकवा होऊन मृत्यू आला, तर सिम्प्सन यांच्या मते शुद्धीवर आणण्याच्या प्रयत्नात तिच्या तोंडात घातलेल्या पाण्याने व ब्रँडीने ती गुदमरली.

पुढील चाळीस वर्षे हा मतभेद दोन परंपरांच्या रूपाने टिकून राहिला. लंडनच्या परंपरेत भूल देणाऱ्याने नाडीवर बोट ठेवावे असा दंडक होता. एडिंबरोच्या परंपरेत, विशेषतः जेम्स साइम या शल्यविशारदाच्या शिकवणुकीत, नाडीकडे पाहण्याचे कारण नाही, सर्व लक्ष श्वासावर असावे असे सांगितले जाई. १८८० च्या सुमारास ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने नेमलेल्या ग्लासगो समितीने प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे क्लोरोफॉर्ममुळे रक्तदाब उतरतो व हृदयावर विपरीत परिणाम होतो, असे मत दिले. एडिंबरोच्या अनुयायांना ते मान्य झाले नाही.

साइम यांच्या हाताखाली शिकलेले एडवर्ड लॉरी हे १८८५ मध्ये हैदराबादला रेसिडेन्सी सर्जन व तेथील मेडिकल स्कूलचे प्रमुख म्हणून आले, तेव्हा ते हा वाद सोबत घेऊनच आले होते.

हैदराबादचे दोन आयोग

हैदराबाद मेडिकल स्कूलची स्थापना १८४६ ची असून प्रारंभी तेथील शिक्षण उर्दूत होत असे. लॉरी यांच्या काळात संस्थेचे स्वरूप बदलले आणि क्लोरोफॉर्म देण्याचे पद्धतशीर शिक्षण हे तिचे वैशिष्ट्य बनले. त्यांच्या देखरेखीखाली हजारो रोग्यांना क्लोरोफॉर्म दिले गेले. एडिंबरोची पद्धत काटेकोरपणे पाळल्यास मृत्यू होत नाही, असा त्यांचा दावा होता.

हा दावा प्रयोगाने सिद्ध करण्यासाठी १८८८ मध्ये पहिला आयोग नेमला गेला. शंभराहून अधिक कुत्र्यांना निरनिराळ्या परिस्थितीत क्लोरोफॉर्म देण्यात आले. प्रत्येक वेळी आधी श्वास थांबतो आणि हृदय त्यानंतर बंद पडते, असा निष्कर्ष काढण्यात आला. लंडनच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकाने या निष्कर्षाविषयी शंका व्यक्त केली. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने, 'लॅन्सेट'ने आपल्या पसंतीचा तज्ज्ञ पाठवून प्रयोगांची फेरतपासणी करावी म्हणून, एक हजार पौंडांची रक्कम देऊ केली. एका हिंदी संस्थानाने ब्रिटिश वैद्यकाच्या वादग्रस्त प्रश्नाच्या निर्णयासाठी पैसा पुरवावा आणि तज्ज्ञाने त्यासाठी लंडनहून दख्खनमध्ये यावे, ही त्या काळी असाधारण घटना होती.

'लॅन्सेट'ने थॉमस लॉडर ब्रंटन यांची निवड केली. औषधिशास्त्रातील त्यांचा अधिकार मोठा होता. हृदयशूळावर अमाइल नायट्राइटचा उपयोग त्यांनीच १८६७ मध्ये दाखवून दिला होता. हैदराबादला येण्यापूर्वी क्लोरोफॉर्मने हृदय बंद पडू शकते, असेच त्यांचे मत होते. दुसऱ्या आयोगात लॉरी व ब्रंटन यांच्यासह जेराल्ड बॉमफर्ड आणि हैदराबादच्या वैद्यकीय सेवेतील डॉ. रुस्तमजी हकीम हे सदस्य होते. ऑक्टोबर ते डिसेंबर १८८९ या काळात कुत्री, माकडे, घोडे, बकऱ्या, मांजरे व ससे अशा चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग झाले. अनेक प्रयोगांत रक्तदाबाचे आलेख यंत्राने नोंदविण्यात आले. अखेरीस ब्रंटन यांचे मत पालटले. क्लोरोफॉर्मचा धोका गुदमरण्यात किंवा अतिमात्रेत आहे, हृदयावर त्याचा थेट घातक परिणाम होत नाही, असा निर्णय त्यांनी तारेने लंडनला कळविला. १८९० मध्ये आयोगाचा अहवाल 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला.

आयोगाच्या उपपत्तीत मेंदूला मध्यवर्ती स्थान होते. क्लोरोफॉर्म रक्तावाटे मेंदूत जाते, लंबमज्जेतील श्वसनकेंद्र त्यामुळे लुळे पडते, श्वास थांबतो आणि हृदय हे केवळ प्राणवायूच्या अभावी मागाहून थांबते, असा हा कार्यकारणभाव होता. प्रयोगांत रक्तदाब उतरलेला स्पष्ट दिसत होता. परंतु आयोगाने त्याचा अर्थ निराळा लावला. हृदय मंदावल्याने मेंदूकडे जाणारे औषध कमी होते, म्हणून ही मंदी धोक्याची नसून संरक्षक आहे, असे आयोगाने मानले.

यातून निघालेले व्यावहारिक नियम मात्र स्वच्छ होते. रोग्याला उताणे निजवावे. छाती व पोट यांवर काहीही आवळलेले नसावे. श्वास एक क्षणही नजरेआड होऊ देऊ नये. घोरणे किंवा अडथळा जाणवताच जबडा पुढे ओढून श्वासमार्ग मोकळा करावा. डोळ्याच्या बुबुळाची संवेदना जाताच औषध थांबवावे. आणि श्वास थांबल्यास तत्काळ कृत्रिम श्वसन द्यावे. तालुक्याच्या दवाखान्यातील मदतनिसालाही ते समजण्यासारखे होते.

आयोगाच्या सावलीतील माणसे

आयोगाचा इतिहास लॉरी आणि ब्रंटन यांच्या नावाने सांगितला जातो. तथापि रोज प्रत्यक्ष भूल देणारे हात हे हैदराबाद मेडिकल स्कूलच्या विद्यार्थ्यांचे होते. त्यांत रूपाबाई फर्दूनजी या पारशी विद्यार्थिनीचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १८८५ मध्ये या संस्थेत प्रवेश घेतलेल्या स्त्रियांपैकी त्या एक होत. १८८९ मध्ये, म्हणजे दुसऱ्या आयोगाच्याच वर्षी, त्यांनी 'हकीम' ही पदवी मिळविली. पुढे हैदराबादच्या रुग्णालयांत क्लोरोफॉर्म देण्याचे काम त्यांनी दीर्घकाळ केले आणि १९०९ मध्ये त्या अधिक शिक्षणासाठी एडिंबरोला गेल्या. भूल देण्याचे रीतसर शिक्षण घेतलेल्या जगातील पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते; काही अभ्यासक त्यांना पहिल्या भूलतज्ज्ञ स्त्री मानतात.

ही बाब सामाजिक दृष्टीनेही महत्त्वाची आहे. पडदा पाळणाऱ्या स्त्रीला शस्त्रक्रियेसाठी बेशुद्ध करावयाचे असता भूल देणारी व्यक्ती स्त्री असणे ही केवळ सोय नव्हती. उपचार स्वीकारले जाण्याची ती पूर्वअट होती. गोदावरीच्या अलीकडे अहमदनगर शहरात हीच गरज निराळ्या मार्गाने भागली. १८३१ मध्ये येथे कार्य सुरू केलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या परिवारातील स्त्री डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या आरंभी स्त्रिया व मुले यांच्यासाठी रुग्णसेवा उभी केली. एका बाजूस संस्थानी आश्रय तर दुसऱ्या बाजूस मिशनरी संस्था, असे भिन्न आधार असले तरी दोन्हीकडे स्त्री-वैद्यकाच्या प्रवेशाशिवाय स्त्रियांपर्यंत शल्यक्रिया पोहोचली नाही, हे साम्य लक्षणीय आहे.

मेंदू की हृदय : निर्णयाचा पराभव

आयोगाच्या निष्कर्षाला शास्त्रीय आव्हान केंब्रिजहून मिळाले. मेंदूवरील परिणाम आणि हृदयावरील परिणाम हे एकाच प्राण्यात एकाच वेळी घडत असल्याने ते वेगळे कसे करावयाचे, ही मूळ अडचण होती. हैदराबादच्या प्रयोगांत ती सुटलेली नव्हती. तेथे फक्त आधी काय थांबते याचा क्रम पाहिला गेला होता. वॉल्टर गॅस्केल आणि लुई शोअर यांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एका प्राण्याच्या मेंदूला दुसऱ्या प्राण्याचे रक्त पुरविण्याची योजना केली. त्यामुळे क्लोरोफॉर्ममिश्रित रक्त केवळ मेंदूला किंवा केवळ उर्वरित शरीराला देणे शक्य झाले. औषध फक्त मेंदूकडे गेले तेव्हा रक्तदाब उतरला नाही, उलट चढला. ते हृदयाकडे गेले तेव्हा मात्र रक्तदाब उतरला. अर्थात रक्तदाबाच्या घसरणीचे मूळ मेंदूत नसून हृदयात आहे, हे स्पष्ट झाले.

उरलेला दुवा १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी जोडला. मांजरांना क्लोरोफॉर्मची हलकी मात्रा दिलेली असताना ॲड्रिनॅलिनचा प्रभाव पडल्यास हृदयाच्या खालच्या कप्प्यांचे स्नायू निष्फळ थरथरू लागतात व प्राणी तत्काळ मरतो, असे त्यांनी दाखविले. भीतीने शरीरात ॲड्रिनॅलिन वाढते. म्हणजे ज्या अवस्थेत रोगी घाबरलेला आहे, धडपडत आहे आणि गुंगी पुरती चढलेली नाही, तीच अवस्था सर्वाधिक धोक्याची ठरते. हॅना ग्रीनरसारखे किरकोळ शस्त्रक्रियेचे रोगी भुलीच्या आरंभीच का दगावत, याचे सयुक्तिक स्पष्टीकरण त्यामुळे मिळाले. हैदराबादच्या प्रयोगांत प्राण्यांना बहुधा सावकाश खोल गुंगीकडे नेले जात असल्याने हा प्रकार आयोगाच्या दृष्टीस पडला नाही.

याच काळात मात्रेचे मोजमाप करण्याकडेही लक्ष वळले. व्हर्नन हारकोर्ट यांनी १९०३ च्या सुमारास तयार केलेल्या उपकरणात क्लोरोफॉर्मचे प्रमाण हवेच्या दोन टक्क्यांवर जाऊ शकत नसे. रुमालावर अंदाजाने थेंब टाकण्याच्या पद्धतीला मिळालेले हे उत्तर होते. अशी उपकरणे तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोहोचण्याचा प्रश्न अर्थातच वेगळा होता.

बंद कवटीचा प्रश्न

आयोगाने मेंदूचा विचार केला तो केवळ श्वसनकेंद्रापुरता. औषधामुळे खुद्द मेंदूच्या आकारमानात, त्याच्या रक्तपुरवठ्यात आणि त्याभोवतीच्या द्रवात कोणते बदल होतात, हा प्रश्न त्याच्या कक्षेत आला नाही. विशेष म्हणजे या प्रश्नाचा पाया एडिंबरोतच घातला गेला होता. तेथील अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि लगतच्या लीथ येथील जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये असे प्रतिपादन केले होते की, कवटी ही न ताणणारी बंद पेटी असून तिच्यातील एखाद्या घटकाचे आकारमान वाढल्यास दुसऱ्याला जागा सोडावी लागते. आजच्या परिभाषेत मेंदू, रक्त आणि मस्तिष्क-मेरुद्रव हे ते तीन घटक होत.

मेंदूवरील शस्त्रक्रिया सुरू होताच या सिद्धांताचे व्यावहारिक महत्त्व लक्षात आले. लंडनचे व्हिक्टर हॉर्स्ले यांनी १८८६ मध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियांविषयीचे आपले अनुभव प्रसिद्ध केले. ईथरमुळे रक्तदाब वाढून रक्तस्राव अधिक होतो, म्हणून त्यांनी क्लोरोफॉर्म पसंत केले होते. उर्वरित शरीरासाठी जो दोष, तोच मेंदूच्या शस्त्रक्रियेत काही प्रमाणात गुण ठरत होता. १८९० मध्ये रॉय आणि शेरिंग्टन यांनी मेंदूचा रक्तपुरवठा गरजेप्रमाणे कमी-जास्त होतो हे प्रयोगाने मांडले. १८९१ मध्ये हाइनरिख क्विंके यांनी कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून मेरुद्रव काढण्याची व त्याचा दाब मोजण्याची पद्धत रूढ केली. हैदराबादचा आयोग आपले काम १८८९ मध्ये संपवून मोकळा झाला होता. मेंदूवरील परिणाम तपासण्याची साधने त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत हाती येऊ लागली, हा कालक्रम ध्यानात घेतल्यास आयोगाच्या मर्यादेकडे अधिक न्याय्य दृष्टीने पाहता येते.

मस्तिष्क-मेरुद्रव आणि नवी औषधे

प्रौढ मनुष्यात मस्तिष्क-मेरुद्रव सुमारे १५० मिलिलिटर असतो. तो मुख्यतः मेंदूच्या पोकळ्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून पाझरतो. दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर तयार होतो आणि तितकाच पुन्हा रक्तात शोषला जातो. कवटीत दाब वाढू लागला की हा द्रव कण्याच्या पोकळीकडे सरकून मेंदूला जागा करून देतो. मात्र ही सोय मर्यादित असते. ती संपल्यावर आकारमानातील थोड्याशा वाढीनेही दाब एकदम उसळतो.

हुंगवून दिलेल्या औषधांचा या व्यवस्थेवरील परिणाम मोजणे विसाव्या शतकाच्या मध्यास शक्य झाले. १९४५ मध्ये केटी व श्मिट यांनी मनुष्याच्या मेंदूतील रक्तप्रवाह मोजला, तोही नायट्रस ऑक्साइड या हुंगवण्याच्याच वायूच्या साहाय्याने. १९५१ मध्ये चार्ल्स सकलिंग यांनी हॅलोथेन तयार केले आणि १९५६ मध्ये मँचेस्टरच्या मायकेल जॉनस्टोन यांनी त्याचा रोग्यांवरील वापर प्रसिद्ध केला. न पेटणारे व रोग्याला सुसह्य असे हे औषध भारतातही दीर्घकाळ प्रचलित राहिले. परंतु ते मेंदूतील रक्तवाहिन्या सैल करते, त्यामुळे कवटीतील रक्ताचे आकारमान वाढते. मेंदूत गाठ असलेल्या रोग्यांमध्ये या औषधांनी कपालांतर्गत दाब धोकादायकरीत्या वाढू शकतो, हे ब्रायन जेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले. ज्या नियतकालिकाने आठ दशकांपूर्वी हैदराबादला तज्ज्ञ पाठविला होता, त्यातच प्रश्नाचे हे नवे रूप प्रकट झाले.

१९८० च्या दशकात अमेरिकेतील ॲलन आर्ट्रू यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून द्रवाच्या निर्मितीचा व निचऱ्याचा स्वतंत्र विचार केला. एन्फ्लुरेनने द्रवाची निर्मिती वाढते आणि निचऱ्यालाही अडथळा होतो. हॅलोथेनने निर्मिती घटते, पण निचऱ्याचा अडथळा वाढतो. आयसोफ्लुरेनने निर्मितीत विशेष फरक पडत नाही, असे आढळले. एकाच वर्गातील औषधे एकाच द्रवावर परस्परविरुद्ध परिणाम घडवितात, हे त्यातून सिद्ध झाले. मेंदूतील टाकाऊ द्रव्यांच्या निचऱ्यात या द्रवाचा वाटा असल्याची कल्पना २०१२ पासून पुढे आली असून त्यावरील भुलीच्या औषधांचा परिणाम हा आजही संशोधनाचा व मतभेदाचा विषय आहे.

मूल्यमापन

या विवेचनाच्या आधारे आयोगाच्या कार्याविषयी पुढील विधाने करता येतील.

पहिले असे की, आयोगाचे अनुमान चुकले ते प्रयोगांच्या कमतरतेमुळे नव्हे. चारशेहून अधिक प्राण्यांवरील निरीक्षणे त्याच्या हाती होती. परंतु प्रश्नच 'मेंदू की हृदय' असा, एकाच उत्तराला वाव देणारा होता. एक औषध अनेक अवयवांवर एकाच वेळी व वेगवेगळ्या मात्रेत परिणाम करू शकते, ही शक्यता प्रश्नाच्या मांडणीतच वगळली गेली. निरीक्षणांची संख्या वाढविल्याने मांडणीतील दोष दूर होत नाही.

दुसरे असे की, हृदय मंदावणे हे संरक्षक आहे हा अर्थ निरीक्षणातून निघालेला नव्हता. तो आधीच्या श्रद्धेतून निरीक्षणावर लादला गेला. गुरूंच्या शिकवणुकीविषयीची निष्ठा आणि स्वतःच्या रुग्णालयातील यशाचा अनुभव या दोन्ही गोष्टी लॉरी यांच्या बाबतीत पुराव्यावर वरचढ ठरल्या. नाडीकडे पाहण्याचे कारण नाही, या शिकवणुकीने हृदयाच्या धोक्याकडे दुर्लक्ष होण्यास मोकळीक मिळाली.

तिसरे आणि अधिक महत्त्वाचे असे की, आयोगाने सांगितलेले कारण चुकीचे असूनही श्वासावर लक्ष ठेवण्याचा त्याचा आदेश योग्य होता. श्वास अपुरा पडला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. त्याने मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात, कवटीतील रक्त वाढते, मेरुद्रवाने दिलेली जागा संपते आणि मेंदूवर दाब येतो. मेंदूच्या शस्त्रक्रियेत रोग्याचा श्वास यंत्राने नियंत्रित ठेवण्यामागे हेच तत्त्व आहे. हैदराबादच्या विद्यार्थ्यांना जबडा पुढे ओढून श्वासमार्ग मोकळा ठेवण्यास शिकविले जात होते, तेव्हा नकळत मेंदूचेही रक्षण होत होते. योग्य व्यवहार हा योग्य सिद्धांताचा पुरावा नसतो, तसेच सिद्धांत खोटा ठरला म्हणून व्यवहार टाकून द्यावयाचा नसतो. शिक्षकांनी व संशोधकांनी या दोन्ही बाजू ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

समारोप

क्लोरोफॉर्म आज शस्त्रक्रियागृहातून हद्दपार झाले आहे. १९४७ मध्ये भारतीय भूलतज्ज्ञांची संघटना स्थापन झाली आणि हे शास्त्र स्वतंत्र शाखा म्हणून उभे राहिले. अहमदनगर जिल्ह्यात लोणी येथे १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ज्या भागात कंपाउंडरच्या हाती रुमाल असे, तेथेच वैद्यकाचे उच्च शिक्षण मिळू लागले. आज रोग्याच्या बोटाला लावलेले छोटे उपकरण नाडी आणि रक्तातील प्राणवायू ही दोन्ही मोजमापे एकाच पडद्यावर दाखविते, आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र प्रत्येक श्वासाची नोंद ठेवते. लंडनचे बोट आणि एडिंबरोची नजर यांपैकी एकाची निवड करण्याचे कारण उरलेले नाही.

तरीही या इतिहासाचे प्रयोजन संपत नाही. दख्खनमधील एका संस्थानाने जगाच्या वैद्यकात पुराव्याने बोलण्याचा प्रयत्न केला. त्यात रूपाबाई फर्दूनजी आणि रुस्तमजी हकीम यांच्यासारख्या एतद्देशीयांचा वाटा होता. त्या प्रयत्नातील चूक दाखवितानाच पुढील शास्त्राने आपली साधने घडविली. मराठवाड्याचा वैद्यकीय वारसा हा महाराष्ट्राच्या इतिहासाचा भाग मानावयाचा असेल, तर हैदराबादचा हा अध्याय त्यात समाविष्ट करावा लागेल. त्यासाठी गोदावरी ही मुंबई इलाख्याची सीमा होती, मराठी समाजाची नव्हे, हे अभ्यासकांनी प्रथम मान्य केले पाहिजे.